दोन्हीकडे हो

आयुष्यात मी राजीनामा एकदाच दिला, आणि तो देताना मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की साहेबांना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी आधी पंखा वाढवला आणि मग कागद वाचला.

शिवडीला, बंदराच्या फाटकापासून जवळच, एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी सतरा वर्षं काढली. परदेशातून जहाजाने माल येतो. तो कस्टममधून सोडवायला कागदांचा एक गठ्ठा लागतो, आणि तो गठ्ठा मी तयार करायचो. रबरी चप्पल आली तर कस्टमच्या यादीतला कुठला नंबर टाकायचा, नुसता चपलेचा तळ आला तर कुठला, तळाला शिवण मारलेली असेल तर कुठला, हे मला पाठ होतं. नंबर चुकला की माल अडकायचा, माल अडकला की गिऱ्हाईक ओरडायचं, गिऱ्हाईक ओरडलं की साहेब ओरडायचे, आणि साहेब ओरडले की मी डबा न उघडता घरी आणायचो. बायको डब्याच्या वजनावरून ऑफिसातली परिस्थिती ओळखायची.

असा मी. त्रेचाळीस वर्षांचा, लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहणारा, घाबरट. माझे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद झाली ती मी लहान असताना. तेव्हापासून आमच्या घरात 'नोकरी' हा शब्द आजाऱ्याचं नाव घ्यावं तसा हळू आवाजात घेतला जातो. आणि ज्या जमिनीवर कधीकाळी तशीच एक गिरणी होती, तिथे लोअर परळला उभ्या राहिलेल्या काचेच्या बिल्डिंगीत, अकराव्या मजल्यावर, मला नोकरी मिळाली. मोठी कंपनी, काम तेच, पगार चांगलाच जास्त. मुलाखतीत तिघे होते आणि तिघेही माझ्याहून लहान. एकाने विचारलं, "तुमची सगळ्यात मोठी ताकद कोणती?" मी म्हणालो, "मी रजा घेत नाही." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला घेतलं. सहा महिन्यांचं प्रोबेशन, मग कायम.

तर साहेबांनी कागद वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी तो उलटा ठेवला आणि म्हणाले, "बस."

सतरा वर्षांत त्यांनी मला 'बस' म्हटलं नव्हतं. त्यांच्या केबिनमध्ये समोर खुर्ची आहे हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं, ती गिऱ्हाइकांची. मी टोकावर टेकलो.

"अरे, तू तर घरका आदमी आहेस," साहेब म्हणाले. ते प्रेमात आले की हिंदीवर जातात आणि रागावले की शुद्ध मराठीवर. "तुला काय कमी पडलं? पगाराचं आहे का? बोल ना. ते जेवढे देतात तेवढे मी देतो. वर मॅनेजर करतो. ती कोपऱ्यातली जागा आहे ना, तिथे पार्टिशन टाकून केबिन. ठीक आहे? चल, हा कागद फाडू?"

आता इथे शहाण्या माणसाने काय म्हणावं? 'विचार करून सांगतो.' तीन शब्द. मलाही येतात. पण समोर बसलेल्या साहेबांना उत्तर द्यायचं म्हटलं की माझ्या तोंडातून एकच शब्द निघतो. मी म्हणालो, "हो साहेब."

त्यांनी कागद फाडला. चार तुकडे केले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी घरी पेढ्यांचा पुडाही पाठवला.

मी केबिनबाहेर आलो तर खिशातला फोन थरथरत होता. नव्या कंपनीची एचआरवाली. आवाज असा गोड की नकार देणं म्हणजे लहान मुलाच्या हातातला फुगा फोडणं. "सर, रेझिग्नेशन झालं ना? पुढच्या महिन्याच्या शेवटी जॉइन करताय ना? कन्फर्म करते हं."

मी जिन्यात उभा होतो. मागे दार, दाराआड साहेब. मी हळू आवाजात म्हणालो, "हो मॅडम."

म्हणजे शुक्रवारी दुपारी, पाच मिनिटांच्या आत, मी दोन माणसांना एकाच गोष्टीचे दोन उलटे शब्द दिले होते. आणि दोघांनाही ते खरे वाटले होते.

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते आता हसत सांगता येतं, तेव्हा मात्र माझी वाचा गेली होती. फोन वाजला की मी तो उशीखाली सरकवायचो. वाजला नाही तर पुन्हा बाहेर काढून बघायचो, कारण मग वाटायचं की दोघे एकमेकांशीच बोलत असतील. ही सगळी धंद्यातलीच माणसं. कुठल्या तरी गोदीत, कुठल्या तरी लग्नात भेटणारच. साहेब म्हणणार, आमचा माणूस तुमच्याकडे येणार होता, आम्ही थांबवला. नव्या कंपनीतले म्हणणार, थांबवला? तो तर येतोय. मग दोघे मिळून माझ्याकडे वळून बघणार. हे वळून बघणं मला अंघोळ करतानासुद्धा दिसायचं.

सोमवारी ऑफिसात सुतार आला आणि माझ्या केबिनचं माप घेऊन गेला. बुधवारी लोअर परळहून घरी कुरिअर आलं. त्यात एक डायरी, एक पाण्याची बाटली आणि एक कापडी पिशवी. पिशवीवर कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत की समोरच्या चाळीतून वाचता यावं. मी ती कपाटावर लपवली. बाबांना ती सापडली. पिशवी मजबूत आहे म्हणून ते ती घेऊन मासळी बाजारात गेले, तिथून मसाल्याच्या दुकानात गेले, वाटेत भेटेल त्याच्याशी पाच-पाच मिनिटं बोलले आणि बांगडे घेऊन परत आले. मी घरी आलो तेव्हा पिशवी धुऊन गॅलरीत वाळत घातलेली होती, नाव रस्त्याकडे करून.

बायको आणि मी एकाच चाळीतले, ती पहिल्या माळ्यावरची. त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी रुजलंच नाही. तिने टेबलावर एका बाजूला साहेबांचे पेढे आणि दुसऱ्या बाजूला ती बाटली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"दोन घरं केल्यासारखा वागतोयस तू," ती म्हणाली. "एक फोन कर. कुणालाही कर. एकाला नाही म्हण."

"कुणाला?"

"ते मी सांगू? मुलाखतीला मी गेले होते?"

"जुन्याला नाही म्हटलं आणि नव्याने सहा महिन्यांनी काढलं तर?"

"मग नव्याला म्हण."

"आणि जुन्याने... राग धरून..."

"मग दोघांनाही म्हण, घरी बस, कपडे वाळत घाल. बाबा पिशवी धुतातच."

मी काहीच केलं नाही. मी त्या नऊ दिवसांत दोन किलो उतरलो. बायको म्हणाली, एवढ्यासाठी तरी वर्षातून एकदा राजीनामा देत जा.

शेवटी बाबा बोलले. ते मालवणीतच बोलतात. साठ वर्षं मुंबईत राहून त्यांनी भाषेच्या बाबतीत मुंबईचं काहीही घेतलेलं नाही. "तोंड कित्याक असा झाला तुझा?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता मार्ग सांगतील. म्हणाले, "माका विचारू नको. माझो निर्णय ऐकान कोणाचा भला झाला नाय. देवाक सांगूया. येत्या आयतवारी गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. ही मनातल्या मनात करायची प्रार्थना नव्हे. गावातला जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि तुमची अडचण, तुमच्या वतीने, सगळ्यांसमोर, मोठ्याने देवाला ऐकवतो. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'होय म्हाराजा' म्हणतात. नुसती साथ नव्हे ती; होय म्हटलं की तुम्ही त्या मागण्यात सामील. आणि देवाला पूर्ण माहिती द्यायची असते. अर्धवट सांगितलं तर देव अर्धवटच करणार.

आमच्या गावची परळला एक खोली आहे. गिरण्या होत्या तेव्हा गावाकडून आलेले एकटे पुरुष त्या एका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. आता तिथे दोन म्हातारे राहतात, भिंतीवर गावच्या देवाचा फोटो आहे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळे गावकरी जमतात. वर्गणी, चहा, गावच्या रस्त्यावरून भांडण, असा कार्यक्रम असतो. त्यातल्या एका म्हाताऱ्या काकांकडे गाऱ्हाण्याचा मान.

मी बाबांना बजावलं होतं, काकांना एवढंच सांगा की नोकरीचा प्रश्न आहे. बाकी काही नको. बाबा बरं म्हणाले आणि ती पिशवी घेऊन माझ्याआधी तासभर निघाले. पिशवीत नारळ, अगरबत्ती, विड्याची पानं.

मी पोचलो तेव्हा खोलीत तीसेक माणसं होती. आणि दारापाशी, चपलांच्या शेजारी, आमचा डॉकवाला उभा होता.

हा डॉकवाला म्हणजे आमच्याच गावचा, आमच्याच ऑफिसातला. मी बनवलेले कागद घेऊन बंदरात फिरायचं, कंटेनर उघडताना उभं राहायचं, माल गाडीवर चढला की फोन करायचा, हे त्याचं काम. दहा वर्षांपूर्वी त्याला मीच चिकटवलं होतं. दहा वर्षं तो उन्हात होता आणि मी पंख्याखाली. मला दादा म्हणायचा. माझ्या राजीनाम्याचं त्याला काही ठाऊक नसणार अशी माझी समजूत. त्याला बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा गाऱ्हाणं ऐकणार आणि उद्या सकाळी ऑफिसात. मी बाबांकडे धावलो, "आज नको, पुढच्या महिन्यात घालू." पण काकांनी धोतराचा सोगा सावरला होता, नारळ हातात घेतला होता. सगळे उभे राहिले. आता थांबवायचं म्हणजे देवाला थांबवायचं.

"बा देवा म्हाराजा!" काका कडाडले.

"होय म्हाराजा!"

"बारा गावच्या, बारा पाचाच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या तुझा लेकरू, लालबागेक तिसऱ्या माळ्यार ऱ्हवता, शिवडीक कामाक जाता म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पत्ता बरोबर होता. मी डोळे मिटले.

"तेका नवी कंपनी बोलयता. हीच ती कंपनी म्हाराजा," आणि काकांनी बाबांच्या हातातली पिशवी देवाच्या फोटोसमोर धरली, "आणि जुनो साहेब सोडीत नाय. पगार वाढयल्यान, केबिन देता म्हणान सांगता म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या गाढवान दोघांकय हो म्हणान ठेवल्यान म्हाराजा!"

"होऽऽय म्हाराजा!" इतका मोठा आवाज त्या खोलीत गिरणीच्या काळातसुद्धा उठला नसेल. दोन-तीन जण हसलेसुद्धा. मी एक डोळा उघडून बाबांकडे बघितलं; ते अतिशय भक्तिभावाने हात जोडून उभे होते.

"जी काय चूक झाली आसात ती पदरात घे, खरी काय ती वाट दाखव. आणि जो कोण तेच्या वाटेत आडो इलो आसात, मनात एक ठेवन भायर दुसरा बोलत आसात, तेचो बंदोबस्त कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

हे शेवटचं वाक्य प्रत्येक गाऱ्हाण्यात असतंच, कुणाच्या लग्नाचं असो की गुडघेदुखीचं. पण ते म्हटलं जात असताना माझी नजर दाराकडे गेली. डॉकवाल्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. चेहरा पांढराफटक. मग सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटाच, खालच्या आवाजात तो म्हणाला, "होय म्हाराजा." आणि चहा न घेता निघून गेला.

झालं, मी मनाशी म्हटलं. गेला सांगायला.

सोमवारी मी ऑफिसात शिरलो ते शिक्षा ऐकायला निघालेल्या माणसासारखा. साहेब फोनवर होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. हा हात 'ये' होता की 'थांब, बघतोच तुला' होता, ते मला ठरवता येईना. माझ्या कोपऱ्यात सुताराने लाकडाच्या पट्ट्या आणून टाकल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो आणि एका मालाला चुकीचा नंबर टाकला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. लक्षात आला म्हणून वाचलो.

अकराच्या सुमाराला डॉकवाल्याचा फोन आला. "दादा, जरा गोदामाच्या मागे या. कागद घेऊन या कायतरी, म्हणजे वाटेल कामाला आलात."

गोदामाच्या मागे खाडीचा चिखल सुरू होतो. ओहोटी होती. तो तिथे एका तुटक्या लाकडी खोक्यावर बसला होता, आणि मला बघताच उठून उभा राहिला.   दोन माणसं एकमेकांसमोर कापत उभी, बघणाऱ्याला वाटावं इथे थंडी आहे.

"तू साहेबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"काय?"

"कालचं."

"नाय दादा. मीच..." तो गावाकडच्या बोलीवर घसरला, तो घाबरला की घसरतो. "दादा, माका माफ करा. माका झोप नाय. मी काल देवासमोर होय म्हटलंय. आता गप ऱ्हवलंय तर माझो बंदोबस्त होतलो."

"अरे पण झालं काय?"

आणि मग त्याने सांगितलं. माझा राजीनामा फाडला त्याच संध्याकाळी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. म्हणाले होते, तो आज थांबला, पण एकदा जायचं मनात आलेला माणूस कामाचा नाही. उद्यापासून थोडा वेळ त्याच्याजवळ बसत जा. मदत करतो म्हण. नंबर कसे टाकतो, कुठल्या गिऱ्हाइकाचं काय, सगळं शिकून घे. तीन महिन्यांत तयार हो. मग ते टेबल तुझं, आणि त्याला मी काय ते बघतो. कुणाला बोललास तर तू पण घरी.

मला आठवलं, सबंध आठवडाभर तो माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसत होता. मला वाटलं होतं, बाहेर ऊन आहे.

"आणि ती केबिन?" मी विचारलं. विचारू नये, पण विचारलं.

"माझ्यासाठी आसा," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. भीतीच इतकी दाटली होती की दुसऱ्या कशाला जागा नव्हती. एक आठवडा मी ज्या पेढ्यांना घाबरत होतो ते पेढे मुळात माझे नव्हतेच. समजा हा काल रविवारी खोलीत आलाच नसता, तर मी नव्या कंपनीला नाही म्हटलं असतं. खरं सांगतो, माझं मन तिकडेच झुकत होतं, कारण जुनी भीती ओळखीची असते. आणि तीन महिन्यांनी त्रेचाळिसाव्या वर्षी मी रस्त्यावर, तेही स्वतःच्या हाताने दुसऱ्याला शिकवून. चिखलात एक बगळा उभा होता, त्याच्याकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे.

"दादा," डोळे पुसत तो म्हणाला, "साहेबांना माझं नाव सांगू नका. दहा वर्षं उन्हात काढलीत. तुम्ही गेलात तर टेबल मला मिळेल. पण मी बोललो हे कळलं तर तुम्ही पण नाही आणि मी पण नाही."

म्हणजे आता प्रश्न माझ्या एकट्याच्या नोकरीचा राहिला नव्हता. साहेबांपुढे जाऊन 'तुम्ही मला फसवत होतात' असं एकदा तरी ताठ मानेने म्हणायची संधी आयुष्यात चालून आली होती, आणि ती म्हटली की हा मेला. दोघांचाही जीव माझ्या तोंडावर अवलंबून होता. त्या तोंडाचा दहा दिवसांपूर्वीचा पराक्रम तुम्ही वाचलाच आहे.

मंगळवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. बसलो नाही. दाराची कडी हातात धरून उभा राहिलो, म्हणजे कापतेय ती कडी असं वाटावं.

"साहेब, मी नव्या ठिकाणी जातो."

"काय?"

"जातो. त्या शुक्रवारी नोटीस दिली होती ती... त्याच तारखेपासून धरा."

साहेबांनी चष्मा काढला. "मी तुला मागितलं ते दिलं. तू हो म्हणालास. आता अचानक काय झालं?" शुद्ध मराठी सुरू झाली होती. "तुला कोणी काही सांगितलं का?"

काचेपलीकडे डॉकवाला उभा होता. हातात फाइल, आणि फाइल उलटी.

माझ्या डोक्यात एकही खोटं तयार नव्हतं. मी घाबरून खरंच बोललो. "देवाला विचारलं साहेब. गाऱ्हाणं घातलं."

"देवाला?"

"आमच्या गावच्या. परळला खोली आहे."

"देवाला सगळं सांगितलंस? पगार पण?"

"सगळं. पत्त्यासकट."

"आणि देव म्हणाला, जा?"

"होय म्हाराजा," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

साहेबांनी चष्मा परत लावला आणि ते हसायला लागले. दार उघडून बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका रे! सतरा वर्षं मी पगार दिला, आणि हा नोकरीचं विचारतो कोणाला? भिंतीवरच्या फोटोला! असला माणूस मी मॅनेजर करत होतो." सगळे हसले. अकाउंटवाला टेबलावर हात आपटून हसला. मीही हसलो, ओशाळं. डॉकवाला मात्र फाइलकडे बघत राहिला. मूर्ख ठरलो होतो, पण मूर्खाला कुणी काय सांगितलं, याची चौकशी कुणी करत नाही. तेवढं मला कळलं.

"जा," साहेब म्हणाले. "पण सगळं काम नीट सोपवून जा."

"कुणाला सोपवू साहेब?"

हे विचारताना माझ्यात कुठून धीर आला ठाऊक नाही. साहेब जरा अडखळले. मग काचेतून बोट केलं. "याला. याच्याशिवाय आहे कोण?"

बुधवारपासून तो उघडपणे माझ्या शेजारी बसला. मी मनात आखणी केली होती: साहेबांनी तीन महिने म्हटले होते, माझ्याकडे जेमतेम तीन आठवडे होते. सतरा वर्षांचं काम. रात्रंदिवस शिकवलं तरी अर्धं राहणार. तो फोन करकरून मला नव्या ठिकाणी भंडावणार. नवे लोक म्हणणार, हा तर जुन्याच लोकांचं काम करतो. याचीसुद्धा मला आधीच भीती वाटून झाली होती.

पहिल्या दिवशी चपला झाल्या. दुसऱ्या दिवशी कापड, तिसऱ्या दिवशी यंत्राचे सुटे भाग. मी सांगायचो, तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचा. दहा वर्षं कंटेनर उघडताना बघितल्यामुळे प्रत्येक माल त्याने हाताळला होता. मी फक्त कागदावर बघितला होता. शिवणीचा तळ आणि चिकटवलेला तळ यातला फरक मी सांगायला लागलो तर त्याने मलाच सांगितलं की शिवण कुठल्या बाजूने बघायची. सहाव्या दिवशी गिऱ्हाइकं संपली. सातव्या दिवशी तो एकट्याने नंबर टाकत होता आणि मी तपासत होतो. आठव्या दिवशी दुपारी मी वहीत बघितलं, त्याच्याकडे बघितलं, परत वहीत बघितलं.

"आणखी काय दादा?"

"आणखी... थांब हां."

मी थांबलो. तो पेन घेऊन थांबला. पंखा फिरत होता. मी फार विचार केला. आणखी काही नव्हतं.

उरलेल्या दिवसांत मी स्टुलावर बसायचो आणि तो माझ्या खुर्चीवर. फोन वाजायचा, तो उचलायचा, दोन वाक्यांत काम संपवायचा. गिऱ्हाइकं त्याला आधीच साहेब म्हणू लागली होती. मी कधी तरी विचारायचो, काही अडलंय का? तो नम्रपणे म्हणायचा, नाही दादा, तुम्ही सगळं नीट सांगितलंय.

शेवटच्या आठवड्यात एचआरवाल्या मॅडमचा फोन आला. तोच गोड आवाज. "सर, आमची टीम खूप एक्सायटेड आहे हं. तुमचा सतरा वर्षांचा अनुभव आम्हाला हवाच होता."

"हो मॅडम," मी म्हणालो.

समोर कॅलेंडरची आठ पानं पडली होती; त्यांच्या पाठीवर माझी सतरा वर्षं मावली होती. सहा महिने प्रोबेशन होतं. आणि तो अनुभव केवढा आहे हे लोअर परळच्या अकराव्या मजल्यावर अजून कुणालाच माहीत नव्हतं.